दवाखान्यात न आलेला रुग्ण

(सार्वजनिक आरोग्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या स्वागतप्रसंगी झालेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



सार्वजनिक आरोग्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आज प्रवेश करणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांचे या संस्थेच्या वतीने मनःपूर्वक स्वागत असो. या वर्गातील काही विद्यार्थी वैद्यकीय पदवी घेऊन आले आहेत. काहींनी परिचर्येचे किंवा दंतवैद्यकाचे शिक्षण घेतले आहे. काहींचा विषय संख्याशास्त्र, समाजशास्त्र, पोषणशास्त्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकी हा होता. इतक्या निरनिराळ्या वाटांनी आलेले लोक एकाच वर्गात बसतात, हे या शास्त्राचे वैशिष्ट्यच होय. पिण्याचे पाणी, सांडपाणी, अन्न, घर, रोजगार, रूढी आणि रोगजंतू यांचा परस्परांशी असलेला संबंध कोणत्याही एका शास्त्राच्या कवेत मावणारा नाही.

वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यासमोर येणारा पहिला प्रश्न असा असतो : समोर बसलेल्या रुग्णाला काय झाले आहे? या संस्थेतील पहिला प्रश्न त्याहून वेगळा आहे. येथे विचारावयाचे असते ते असे : समोर कोण आलेले नाही, आणि का आलेले नाही? पुढील दोन वर्षांत जे जे शिकावयाचे आहे, त्याचे मूळ या एका प्रश्नात आहे.

समजा, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्यातील एका महिन्यात अतिसाराने आजारी झालेली चाळीस बालके आणली गेली. त्यांपैकी तीस केंद्राच्याच गावातील आणि दहा रस्त्याकडेच्या दोन गावांतील. बारा किलोमीटरवरील पाड्यावरून मात्र एकही बालक आले नाही. केंद्राची नोंदवही वाचणारा असे म्हणू शकेल की पाड्यावर अतिसार नाही. सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी मात्र विचारील की मधला ओढा भरला होता काय, पाड्यावर पाच वर्षांखालील बालके किती आहेत, त्यांतील किती आजारी पडली आणि किती दगावली. उपचारासाठी आलेल्यांची संख्या हा केवळ अंश होय. ज्या लोकसंख्येतून ते आले तो छेद हाती नसेल, तर त्या अंशाला अर्थ प्राप्त होत नाही. शाळेत शिकविलेल्या अपूर्णांकाचा हा साधा नियम आहे. परंतु त्याचा विसर पडला तर माणसे प्राणाला मुकतात.

पंपाचा दांडा

या शास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रारंभी सांगितली जाणारी कथा लंडन शहरातील आहे. ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस तेथील ब्रॉड स्ट्रीट या भागात पटकीची साथ उसळली आणि काही आठवड्यांत सहाशेहून अधिक माणसे मरण पावली. दूषित हवेमुळे पटकी होते, असे त्या काळी बहुतेक जाणकारांचे मत होते. डॉ. जॉन स्नो हे भूल देण्याच्या शास्त्रातील तज्ज्ञ. त्यांचा संशय मात्र पाण्यावर होता. त्यांनी मृतांच्या घरांची यादी घेऊन पायी चौकशी केली, तेव्हा बहुतेक मृत्यू एका सार्वजनिक पंपाच्या परिसरात झाल्याचे दिसून आले. त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला.

ही कथा बहुधा दांडा काढण्यापाशी संपविली जाते. वास्तविक लोक भीतीने घरे सोडून गेल्यामुळे तोपर्यंत साथ ओसरू लागली होती, आणि ही गोष्ट स्नो यांनी स्वतः प्रामाणिकपणे नोंदविली आहे. त्यांच्या कामातील खरा धडा निराळा आहे. जे आजारी पडले त्यांच्याइतकीच जे आजारी पडले नाहीत त्यांची चौकशी स्नो यांनी केली. त्याच भागातील एका गरीबगृहात ५३५ माणसे राहत होती, पण तेथे मृत्यू झाले अवघे पाच. त्या गरीबगृहाची स्वतःची विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरांहून अधिक कामगार होते आणि त्यांच्यातील एकही पटकीने दगावला नाही. ते त्या पंपाचे पाणी पीत नसत. उलट, कित्येक मैल दूर राहणारी एक वृद्ध विधवा पटकीने मृत्यू पावली. त्या पंपाच्या पाण्याची चव आवडत असल्यामुळे ती ते पाणी रोज मुद्दाम मागवून घेत असे. स्थानिक धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड प्रारंभी स्नो यांच्या मताविरुद्ध होते. पण वस्तीतील घर न् घर त्यांच्या ओळखीचे असल्यामुळे त्यांची चौकशी अधिक खोलवर गेली आणि अखेर तिने स्नो यांच्याच निष्कर्षाला बळकटी आणली.

पटकीच्या जंतूचा निर्णायक शोध रॉबर्ट कॉख यांनी इजिप्त आणि कलकत्ता येथे केलेल्या संशोधनातून १८८३–८४ मध्ये लागला. म्हणजे रोगाचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध होण्यापूर्वी तीस वर्षे, घरोघर फिरून केलेल्या चौकशीने रोगाचा मार्ग दाखवून दिला होता. गावातील माणसांना ओळखणारा शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य या कामात किती मोलाचा ठरू शकतो, हेही व्हाइटहेड यांच्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

प्लेगचा अनुभव

घरोघर जाणे ही एक गोष्ट झाली. कोणत्या भावनेने जावयाचे, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. लवकरच वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत संशोधन करून प्लेगवरील लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन संस्था हे नाव मिळाले. शास्त्राची ही कामगिरी अभिमानास्पद होती यात शंका नाही.

पुण्यात मात्र त्याच वर्षी निराळे दृश्य दिसले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांविषयीचा कायदा करण्यात आला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने रुग्ण शोधण्यासाठी गोऱ्या सैनिकांची पथके घराघरांत पाठविली. माजघरापासून देवघरापर्यंत झडत्या झाल्या, सामान रस्त्यावर फेकले गेले, स्त्रियांची विटंबना झाली. परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवू लागले, मृत्यू लपवू लागले आणि शहर सोडून जाऊ लागले. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, हा इतिहास सर्वश्रुत आहे. आरोग्याच्या दृष्टीने त्यातील मुद्दा एवढाच की ज्या शोधमोहिमेचा हेतू रुग्ण सापडावेत हा होता, तिच्यामुळेच रुग्ण दिसेनासे झाले.

त्याच वर्षी, त्याच परिसरात, सावित्रीबाई फुले आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या समवेत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. रुग्णसेवा करतानाच त्यांना रोगाचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच, शहर एकच. परंतु रुग्णाच्या दारी जाण्याच्या या दोन रीतींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता. २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा १८९७ चाच कायदा पुन्हा लागू करावा लागला. त्या वेळीही ताप सांगितला तर घरच्यांपासून ताटातूट होईल, या भीतीने अनेकांनी आजार दडविला. कायद्याचा आधार प्रसंगी आवश्यक असतो. पण ज्या दारावर थाप मारायची त्या घराचा विश्वास नसेल, तर कायद्याच्या हाती रिकामे घर लागते.

या विद्येची विद्यालये

सार्वजनिक आरोग्य हा स्वतंत्रपणे शिकविण्याचा विषय आहे, ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र विद्यालय १९१६ साली स्थापन झाले आणि १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. जगभर इन्फ्लुएन्झाची भीषण साथ चालू होती ते हेच वर्ष; त्या साथीत एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या देशात कलकत्ता येथे १९३२ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था सुरू झाली. चार भिंतींत हा विषय शिकविता येत नाही, हे त्या संस्थेच्या लवकरच लक्षात आले आणि १९३९ मध्ये हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे तिने ग्रामीण आरोग्य केंद्र चालविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्यांचा वर्ग खेड्यात भरू लागला.

१९४३ मध्ये नेमलेल्या आणि १९४६ मध्ये अहवाल सादर केलेल्या आरोग्य पाहणी समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिक येथे जन्मलेले गृहस्थ. पैसा नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, आणि रोग बरा करणे व रोग टाळणे ही दोन्ही कामे एकाच व्यवस्थेने करावीत, असे त्यांच्या समितीने आग्रहाने मांडले. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना याच अहवालाने देशात रुजविली आणि १९५२ पासून समूह विकास योजनेबरोबर ती प्रत्यक्षात येऊ लागली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्यानंतर या केंद्रांचा कारभार लोकनिर्वाचित संस्थांकडे आला. पुढे ठरलेल्या राष्ट्रीय प्रमाणानुसार सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे पाच हजार व तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असे मानले जाते. या प्रमाणाचा अर्थ विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. केंद्राची जबाबदारी त्याच्या ओसरीवर येऊन बसलेल्यांपुरती नसून त्या तीस हजारांतील प्रत्येकाची आहे, असा त्याचा आशय आहे.

दारापर्यंत गेलेले शास्त्र

ही जबाबदारी ज्यांनी अक्षरशः पार पाडून दाखविली, त्यांची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. वर्धा येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. आर. व्ही. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली कुष्ठरोगासाठी नवी कार्यपद्धती विकसित केली. कुष्ठरुग्ण समाजाच्या भीतीने स्वतःहून येत नाही, म्हणून प्रथम गावातील प्रत्येक माणसाची पाहणी, मग रोगाविषयी शिक्षण आणि त्याबरोबर घराजवळ उपचार, असा तिचा क्रम होता. पाहणी, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री पुढे देशाच्या कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाचा पाया बनली.

तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये कामास सुरुवात केली. हे दांपत्य बाल्टिमोरच्या उपर्युक्त विद्यालयातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले होते. दुष्काळी भागातील लोकांना औषधाआधी पाणी आणि अन्न हवे होते. म्हणून कामाचा आरंभ तेथूनच झाला. गावानेच निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. यांतील अनेक स्त्रिया निरक्षर होत्या आणि अनेक दलित समाजातील होत्या. गरोदर स्त्रीची तपासणी, बाळाचे वजन, अतिसारात मीठ-साखर-पाणी, कुष्ठरुग्णाची ओळख ही कामे त्या करू लागल्या. १९७८ मध्ये आल्मा-आता येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला, तेव्हा जगापुढे असलेल्या अनुभवांमध्ये जामखेडचा अनुभव होता.

गडचिरोली जिल्ह्यात काम करणारे डॉ. अभय व डॉ. राणी बंग हेही त्याच विद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांना अंतर्मुख केले. त्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ८ टक्के होते. दवाखान्याच्या नोंदवहीवर विसंबणाऱ्याला हा रोगांचा डोंगर कधीच दिसला नसता. दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रीची नोंद कोठेच होत नव्हती.

पुढे त्यांनी नवजात बालकांकडे लक्ष वळविले. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी बाळंतिणीच्या खोलीपर्यंत जाऊन बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि वेळीच औषध देणे ही कामे केली. प्रारंभी तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांमागे ६२ बालके पहिल्या महिन्यातच दगावत. काम सुरू झाल्यानंतर तिसऱ्या वर्षी, १९९७–९८ मध्ये, हे प्रमाण २५.५ पर्यंत खाली आले. देशात २००५ पासून आशा कार्यकर्त्या नेमण्यात आल्या आणि २०११ मध्ये नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवर स्वीकारला गेला. आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी पहिल्या बेचाळीस दिवसांत ठरावीक दिवशी भेटी द्यावयाच्या असतात, त्यामागे हा अनुभव उभा आहे.

नारूचे उदाहरणही पंचायत सदस्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. या रोगावर लस नव्हती आणि गुणकारी औषधही नव्हते. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरे, त्याच्या जखमेतून जंत पाण्यात जात आणि तेच पाणी प्यायल्याने गावात रोग पसरे. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाट किंवा हातपंप बसविणे, पाणी कापडातून गाळून घेणे आणि प्रत्येक रुग्णाचा शोध घेणे, एवढ्या साध्या उपायांनी हा रोग हटला. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. या यशात डॉक्टरांइतकाच वाटा गवंड्यांचा आणि पाणी गाळणाऱ्या गृहिणींचा आहे.

आकडा वाढला म्हणून

आता एका अवघड मुद्द्याकडे वळणे प्राप्त आहे. उपस्थितांमध्ये शासनाचे अधिकारी आणि लोकप्रतिनिधी असल्यामुळे तो येथेच बोलणे योग्य ठरेल.

देवी निर्मूलनाच्या मोहिमेत १९७३ च्या उत्तरार्धात देशात घरोघर शोध सुरू झाला. कार्यकर्ते देवीच्या रुग्णाचे चित्र घेऊन शाळांत, बाजारांत आणि वस्त्यांवर जात व असा कोणी आजारी पाहिला काय, असे विचारीत. शाळेतील मुलांनी आणि शिक्षकांनी दिलेली माहिती फार उपयोगी पडली. पहिल्या शोधातच आधीच्या नोंदींच्या मानाने कितीतरी अधिक रुग्ण उघडकीस आले. कागदावर पाहता रोग एकाएकी वाढला होता. वास्तविक तो प्रथमच पूर्णपणे दिसला होता. त्या वेळी आकडा वाढला म्हणून शोध थांबविण्यात आला असता, तर देवी आजही राहिली असती. तसे झाले नाही. रुग्णाची खबर देणाऱ्यास बक्षीस जाहीर करण्यात आले, खबर मिळताच त्या घराभोवतीच्या सर्वांना लस टोचण्यात आली आणि मे १९७५ मध्ये देशातील अखेरचा रुग्ण नोंदला गेला.

सापडलेला रुग्ण ही कामाची सुरुवात समजावयाची की कार्यकर्त्याचा दोष, यावर मोहिमेचे यशापयश अवलंबून असते. ज्या तालुक्यात आरोग्यसेविका प्रामाणिकपणे प्रत्येक बालमृत्यू नोंदविते, त्या तालुक्याचा आकडा शेजारच्या तालुक्यापेक्षा मोठा दिसतो. आढावा बैठकीत त्याबद्दल तिला सर्वांसमक्ष जाब विचारला गेला, तर तिला एकच शिकवण मिळते. पुढील वर्षी मृत्यू तितकेच होतात, फक्त ते नोंदवहीतून नाहीसे होतात. जन्मल्यावर तासाभरात गेलेले बाळ मृत जन्मलेले म्हणून लिहिले जाते, अथवा लिहिलेच जात नाही. मग जेथे मृत्यू नाहीत तेथे औषधे, वाहन आणि मनुष्यबळ देण्याचे कारण उरत नाही. असा एक खोटा आकडा पुढच्या अनेक खऱ्या मृत्यूंना वाट करून देतो.

जन्म व मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ मध्ये झाला. प्रत्येक जन्म आणि मृत्यू एकवीस दिवसांच्या आत कळविला जावा, असे त्यात अभिप्रेत आहे. खेड्यात ही नोंद ग्रामपंचायतीकडे होते. त्या नोंदवहीतील प्रत्येक ओळ हे गावाच्या आरोग्याचे साधन आहे, ही जाणीव सरपंचापासून शिक्षकापर्यंत सर्वांना असली पाहिजे. देशातील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १२९ होते. २०२० मध्ये ते २८ पर्यंत उतरले, आणि महाराष्ट्रात ते १६ होते. हे आकडे खाली आले त्याला अनेक कारणे आहेत. पण ते खाली आले आहेत हे आज खात्रीने म्हणता येते, ते नमुना नोंदणी पाहणीसाठी वर्षानुवर्षे घरोघर जाणाऱ्या हजारो कार्यकर्त्यांमुळे.

विद्यार्थ्यांकडून अपेक्षा

नव्या विद्यार्थ्यांना येथे साथरोगशास्त्र, जीवसंख्याशास्त्र, पर्यावरण आरोग्य, पोषण, आरोग्य प्रशासन आणि आरोग्याचे अर्थशास्त्र हे विषय शिकावे लागतील. त्यांतील सूत्रे व पद्धती परिश्रमपूर्वक आत्मसात कराव्यात. कारण चुकीचे गणित चांगल्या हेतूने सुधारत नाही. तथापि प्रत्येक कोष्टक भरताना त्यातील रिकाम्या जागेकडे पाहण्याची सवय लावून घेणे आवश्यक आहे.

राज्यात अशा रिकाम्या जागा कोठे आहेत, हे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी निघणारी कुटुंबे सहा महिने कारखान्याच्या परिसरातील कोप्यांत राहतात. त्यांचे बाळ गावच्या यादीत असते पण गावात नसते. आणि जेथे ते असते तेथील यादीत त्याचे नाव नसते. लसीचा पुढचा डोस कोणी द्यावयाचा? वीटभट्टीवर, धरणाच्या कामावर, मेंढपाळांच्या तळावर आणि महानगरातील पदपथावर हाच प्रश्न उभा आहे. या कुटुंबांना यादीत आणणे हे कोणत्याही प्रबंधाइतकेच मोठे काम ठरेल.

गावात पाहणीसाठी जाताना विद्यार्थ्याने काही पथ्ये पाळावीत. मजुरी बुडणार नाही अशा वेळी जावे. त्यासाठी पहाटे किंवा दिवेलागणीनंतर जावे लागले तरी मागे हटू नये. बोलीभाषेतील रोगांची नावे शिकून घ्यावीत. लोक दुखणे ज्या शब्दांत सांगतात, त्याच शब्दांत ते ऐकता आले पाहिजे. अंगणवाडीताई, आशाताई आणि नर्सबाई यांना आपल्या हाताखालची माणसे समजू नये; त्या गावच्या जाणकार आहेत आणि विद्यार्थी त्यांच्याकडे शिकावयास आलेला आहे. गोळा केलेली माहिती अहवालात बांधून नेल्यावर काम संपले असे मानू नये. त्या माहितीतून काय निष्पन्न झाले, हे ग्रामसभेत जाऊन सोप्या मराठीत सांगावे. ज्यांनी आपल्या घरातील दुःख मोजू दिले, त्यांचा त्या आकड्यावर पहिला अधिकार आहे.

या क्षेत्रात कीर्ती थोडी मिळते. शस्त्रक्रियेने वाचलेला रुग्ण डॉक्टरांना जन्मभर विसरत नाही. पण विहीर शुद्ध राहिल्यामुळे ज्याला पटकी झालीच नाही, तो कोणाचे आभार मानणार? आपण वाचलो आहोत हेच त्याला ठाऊक नसते. असे न झालेले रोग आणि न झालेले मृत्यू हेच या विद्येचे फळ आहे. ते वर्षाअखेरीच्या आकड्यातच दिसते, आणि तो आकडा खरा असेल तरच दिसते.

दोन वर्षांनी हे विद्यार्थी पदवी घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत जातील. कोणी शासनाच्या सेवेत, कोणी महानगरपालिकेत, कोणी स्वयंसेवी संस्थेत काम करील. त्यांच्या टेबलावर रोज तयार अहवाल येतील. त्या प्रत्येक अहवालावर सही करण्यापूर्वी त्यांनी क्षणभर थांबून या पहिल्या दिवशीचा प्रश्न स्वतःला विचारावा : यात कोण आलेले नाही? उत्तर मिळाले नाही, तर अहवाल बाजूला ठेवून गाडी काढावी आणि ओढ्यापलीकडच्या पाड्याचा रस्ता धरावा. अशा कामासाठी सिद्ध होण्यास आलेल्या सर्व विद्यार्थ्यांचे पुन्हा एकवार स्वागत आणि त्यांच्या अध्ययनास हार्दिक शुभेच्छा.